बिजाईची जागा

हरदटोल्यात केवळरामचं घर कुणाला विचारावं लागत नाही. तलावाच्या पाळीवरून खाली उतरलं की मासे धरणाऱ्यांचा ढिवर मोहल्ला, आणि मोहल्ल्यात ज्या घरासमोर एक म्हातारा जाळं विणता विणता सगळ्या जगाला नावं ठेवत बसला असेल, ते त्याचं घर. वय बहात्तर. दात अर्धे, आवाज पूर्ण. बाहेरून बर्फात घालून येणाऱ्या मासोळीवर त्याचा विशेष राग. पंगतीत तिचा रस्सा वाढायला आला की ताटावर हात धरून तो मोठ्यानं म्हणणार, "नको बाप्पा, मले मेलेली मासोळी चालत नाही."

"मंग जिती खातेस का गा?" असं कुणी विचारलंच, तर त्याचं उत्तर तयार असतं. "आपल्या तलावातली मेली तरी ताजी रायते!"

या माणसानं तीन वर्षं गावापासून एक गोष्ट लपवली. ती लपवताना त्याचे जे हाल झाले, ते चोरी करणाऱ्याचेही होत नसतील.

हरदटोला हे डोंगराच्या अगदी पायथ्याचं गाव. बाजाराला सानगडीला जाणारं. डोंगर तसा फार उंच नाही. साताऱ्याकडचा माणूस त्याला टेकडी म्हणून मोकळा होईल. पण गावाला तो पुरतो. त्याच्या दोन सोंडांच्या मध्ये कधी काळी कुणीतरी मातीची पाळ घातली, पाणी अडवलं आणि तलाव केला. अर्धं गाव त्या पाण्यावर धान पिकवतं, अर्धं गाव त्यात जाळं टाकतं.

त्या तलावाच्या पोटात एक जागा आहे. तिला म्हणतात बिजाईची जागा. बिजाई म्हणजे बियाणं. डोंगरात मुरलेलं पाणी तिथं जमिनीखालून झिरपत येतं, त्यामुळे वैशाखात सगळा तलाव भेगाळला तरी त्या एका जागी हातभर खाली चिखल ओलाच असतो. मरळ, दाडक अशा मातीत दडून राहणाऱ्या मासोळ्या उन्हाळाभर तिथं पडून राहतात, आणि पाणी भरलं की बाहेर निघून तलाव पुन्हा नांदता करतात. वरून बघाल तर काही कळणार नाही. तीच माती, त्याच भेगा. म्हणून गावाची एक रीत आहे. चैत्रात पाणी कमरेएवढं उतरलं की एक दिवस सगळं गाव मिळून मासे धरतं. त्याच्या आदल्या संध्याकाळी केवळरामच्या घरच्या माणसानं डोंगा, म्हणजे लहान नाव, घेऊन जायचं आणि बिजाईच्या जागेवर लाल फडक्याचा बांबू रोवायचा. बांबूपासून वीस पावलं चहूकडे कुणी जाळं टाकायचं नाही, आणि पुढे तलाव आटल्यावर शेतासाठी तिथला गाळही न्यायचा नाही. गावात भांडणं पुष्कळ झाली, निवडणुकीत डोकी फुटली, पण ही रीत कुणी मोडली नाही.

जागा ओळखायची खूण केवळरामच्या आजानं त्याच्या बापाला दिली आणि बापानं त्याला. डोंग्यात उभं राहायचं. डोंगराच्या दोन शिखरांमधली खाच काठावरच्या वाघोबाच्या ठाण्यावर बरोबर आली पाहिजे. ही एक रेघ. मग उगवतीकडे वळायचं. पाळीवरच्या एकट्या मोहाच्या मागे देवळाचा कळस झाकला गेला पाहिजे, ही दुसरी. दोन्ही जमलं की बांबू खाली. चाळीसेक वर्षं केवळरामनं हे काम केलं आणि एकदाही चुकला नाही. त्याचा त्याला अभिमान होता, आणि तो लपवायची त्याला सवय नव्हती.

चार वर्षांपूर्वी वैशाखातल्या एका वादळात तो मोह मुळासकट आडवा झाला. लाकूड पंचायतीनं उचललं. पाळ रुंद करायला मुरूम पडला, त्यात खड्डाही बुजला. केवळराम तेव्हा उभा राहून बघत होता. मोहफुलं गेली म्हणून बायका हळहळल्या, त्यांच्याबरोबर तोही हळहळला. आपली एक रेघ गेली, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही.

ते डोक्यात आलं पुढच्या चैत्रात, डोंग्यात उभा असताना. खाच वाघोबावर आली. तो उगवतीकडे वळला. देवळाचा कळस होता, पण तो आता कशाच्या मागे धरायचा? अर्धा कोस लांब पाळ, सगळी एकसारखी लाल. मोह इथं होता की तिथं? तास दीड तास तो डोंगा पुढे-मागे करत राहिला. काठावर लोक चिलीम ओढत वाट बघत होते. शेवटी अंधार पडायच्या आत त्यानं अंदाजानं बांबू रोवला आणि मान ताठ ठेवून परत आला. त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही.

तेव्हाच सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? काहीच नाही. पण माणूस असा सरळ चालत नाही. पहिल्या वर्षी त्याला जागा विसरल्याची लाज वाटली. दुसऱ्या वर्षी पहिल्या वर्षी न सांगितल्याची लाज वाटली. तिसऱ्या वर्षापर्यंत लाजेवर लाज एवढी चढली की आता तोंड उघडणं म्हणजे सगळ्या गावासमोर तोंडघशी पडणं होतं. बांबू रोवून आला की पुढचे कित्येक दिवस तो त्या बाजूला बघायचंच टाळायचा. मृग लागला, तलावात पाणी चढलं आणि मरळीची पिल्लं दिसली, की त्याचा जीव भांड्यात पडायचा. दरवर्षी ती दिसत होती, याचं त्याला नवल वाटायचं. वाघोबाची कृपा, असं म्हणून तो एक नारळ फोडायचा आणि चैत्र जवळ आला की पुन्हा पाळीवर फिरून मोहाची जागा शोधायचा.

यंदा मात्र वाघोबावर सोडून भागणार नव्हतं.

झालं असं, की गावच्या शाळेत दोन वर्षांपूर्वी ज्योत्सना नावाच्या मॅडम आल्या. माहेर पवनीकडच्या कोंढ्याचं. मॅडमना जुन्या गोष्टींचं भारी वेड. तलावाच्या कोपऱ्या-कोपऱ्यांची नावं, जाळ्यांचे प्रकार, मासोळ्या, गाणी, सगळं त्या वहीत उतरवून घेत. पाळीवर तलावाचा रंगवलेला मोठा नकाशा लावायचा, आपल्या पोरांना आपला तलाव कळला पाहिजे, असं त्यांनी ग्रामसभेत सांगितलं आणि गावाला ते पटलं. केवळरामनं एकट्यानं त्रेचाळीस नावं दिली. घसरण, म्हातारीचा वाफा, रेड्याची बैठक. तो सांगायचा, मॅडम लिहायच्या, आणि म्हाताऱ्याची छाती रोज बोटभर फुगायची. "आणि बिजाईची जागा नेमकी कुठे दाखवू?" असं मॅडमनी विचारलं की मात्र त्याला खोकला यायचा.

त्यातच सरपंच टेकचंदनं गाळ काढायचं काम मंजूर करून आणलं. टेकचंद हा धानाचा शेतकरी. तलाव खोल झाला तर रोवण्याच्या वेळी पाणी कमी पडणार नाही, हा त्याचा साधा हिशोब, आणि तो खराच होता. कामासाठी यंदा पाणी लवकर सोडून दिलं. त्यामुळे चैत्रातली गावाची मासेमारी झाली नाही आणि बांबूही रोवला गेला नाही. ग्रामसभेत ठराव झाला: पोकलेन सगळा तलाव दोन हात खोल खोदेल, फक्त बिजाईच्या जागेला हात लावणार नाही. काम सुरू होण्याच्या सकाळी केवळराम काकाजी स्वतः चुन्यानं गोल आखून देतील. मग नकाशाचं उद्घाटन आणि काकाजींचा सत्कार.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. केवळराम हसला आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडला. बांबू चुकला तर चार जाळी चुकीच्या जागी पडतात. चुना चुकला तर पोकलेन बिजाईच उपसून ट्रॉलीत भरणार होतं. एकदा ती जागा फुटली की मरळ संपली, दाडक संपली. मग राहिली बर्फातली.

त्याची बायको बायाबाई चुलीपाशी होती. ती म्हणाली, "तब्येत बरी नाही का?"

"बरी हाये."

"मंग भिताडाले काय सांगून रायले?"

त्यानं दुपटं तोंडावर ओढलं. तिनं चुलीतलं लाकूड पुढे सरकवलं. लग्नाला पन्नास वर्षं झाल्यावर माणसं अशीच बोलतात.

सोमवारी सकाळी सात वाजता सगळं गाव आटलेल्या तलावात उतरलं. डफ वाजत होता. शाळेची पोरं स्वच्छ गणवेशात. पाळीवर नकाशा पिवळ्या कापडानं झाकलेला. खाली पोकलेन उभं, आणि त्यावर एकोडीचा विक्की नावाचा ड्रायव्हर गॉगल घालून बसलेला. ढिवर मोहल्ल्यातल्या पंधरा-वीस बायका मात्र गावाबरोबर पाळीजवळ थांबल्या नव्हत्या. त्या आधीच येऊन तलावाच्या भर मध्यावर, चपला बाजूला काढून, घोळका करून बसल्या होत्या. त्यांच्यात बायाबाई.

केवळरामनं चुन्याचं घमेलं उचललं. पायांत नातवाचे बूट, सत्कारासाठी घातलेले. पहिली रेघ त्याला येत होती. खाच वाघोबावर धरून तो सरळ चालत निघाला. चालता चालता तो बायकांच्या घोळक्यावरच येऊन थडकला.

"उठा वो, बाजूले व्हा!" तो खेकसला. "काम चालू हाये आन् तुमी इथंच कायले बसल्या?"

एकही उठली नाही. बायाबाईनं त्याच्याकडे रोखून बघितलं आणि मग पदर सारखा करत दुसरीकडे बघितलं. केवळरामला भयंकर राग आला. घरची बाईच चारचौघांत ऐकत नाही! तो घोळक्याला वळसा घालून पुढे गेला. पन्नास पावलं, साठ, सत्तर. तिथं थांबला. दरवर्षी साधारण इथंच तर तो बांबू रोवायचा. की आणखी पुढे? त्यानं उगवतीकडे बघितलं. कळस उगवत्या उन्हापुढे काळा दिसत होता, आणि त्याच्यापुढे नुसती लाल पाळ.

त्यानं घमेलं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. मागून टेकचंद ओरडला, "टाका काकाजी, टाका! मशीन तासावर हाये!"

केवळरामनं चुन्याची मूठ भरली. ती त्याला टाकता आली नाही. आपण मूठ उघडली की बापाची, आजाची, सगळ्यांची ठेव गेली, हे त्याला स्वच्छ दिसलं. त्यानं घमेलं खाली ठेवलं आणि तो गावाकडे वळला.

"मले जागा मालूम नाही," तो म्हणाला.

डफ वाजतच होता. कुणाला ऐकू गेलं नाही. मग तो आपल्या त्या पूर्ण आवाजात ओरडला, "मले जागा मालूम नाही गा! मोह पडला तवापासून मी अंदाजानं बांबू रोवून रायलो! तीन वर्सं झाले! माफ करा मले!"

डफ थांबला. टेकचंद धावत आला. "काय बोलून रायले काकाजी? आता? मशीन आल्यावर?"

केवळराम मान खाली घालून उभा होता. आता शिव्या बसतील, बसू दे, असं त्याला वाटत होतं. शिव्यांच्या ऐवजी त्याला हसू ऐकू आलं. बायकांच्या घोळक्यातून येत होतं. आधी एकीचं, मग सगळ्यांचं, पदरात तोंड घालून घालून.

बायाबाई गुडघ्यावर हात टेकून उठली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "अवो बाप्पा, एवढं बोलाले तीन वर्सं लागले तुमाले? या इकडं. आमी बसलो हाओ न, तेच हाये जागा."

"तुले काय मालूम?"

"मले नाही तं कोणाले? चैतात कमळाचे कांदे काढाले आमीच उतरतो न पाण्यात. उघड्या पायानं. सगळा तलाव कोमट रायते आन् इथं आलं की पाय थंडे होते. खालून पाणी येते. थकल्यावर आमी इथंच येऊन उभ्या रायतो. आमी याले माहेर म्हणतो."

घोळक्यातल्या म्हाताऱ्या सत्यभामाबाईनं मान डोलावली. "माझ्या सासूनं दाखवलं मले. तिले तिच्या सासूनं."

टेकचंद केवळरामकडे बघत होता, केवळराम बायकोकडे. "मंग माझा बांबू?" त्यानं जवळ येऊन हळूच विचारलं.

"तुमचा बांबू सत्तर पावलं खाली रायत होता," बायाबाई म्हणाली. "पहिल्या वर्षी पाह्यलं तं मी घाबरलीच. तुमी संध्याकाळी रोवून यायचे, आन् आमी दोघी-तिघी झुंजुरका, गाव उठाच्या आत, कांद्याच्या नावानं जाऊन तो हलवून ठेवायचो. तीनही वर्सं."

केवळरामच्या चेहऱ्यावर एवढ्या गोष्टी एकदम आल्या की बघणाऱ्यांना हसावं की रडावं कळेना. त्याला संताप आला, तो आधी बाहेर पडला. "मंग मले सांगतलं काहून नाही?"

"तुमी इचारलं काहून नाही?"

तो नातवाच्या बुटांकडे बघायला लागला. बायाबाईचा आवाज मग खाली आला. "त्या पहिल्या दिवशी तुमी जेवले नोते. मले तवाच समजलं. म्हटलं, आधीच माणूस अर्धा झाला, आपण आणखी कायले बोलावं? बांबू तं बांबू. हलवून टाकू. पण चुना कसा हलवता आला असता मले? म्हणून सगळ्याजणींले घेऊन येऊन बसली. म्हटलं, तुमचं ध्यान जाईन. तं तुमी आमालेच उठवाले लागले!"

आता सगळं गाव हसलं. टेकचंदला हसण्यापेक्षा खात्री हवी होती, आणि त्याचं बरोबर होतं. त्यानं फावडं मागवलं. बायका उठल्या. त्या बसल्या होत्या तिथं, अगदी कडेला, बेतानं खणलं. वर वीतभर कोरडी ढेकळं. त्याखाली माती काळी झाली, मग ओली, मग हाताला गार लागायला लागली. हातभर खाली फावडं चिखलात रुतलं, आणि चिखलच एकदम वळवळला. मनगटाएवढी मरळ. तिनं शेपटीचा एक फटका मारला, टेकचंदच्या पांढऱ्या शर्टावर चिखल उडवला आणि पुन्हा आत घुसली. पोरं आनंदानं किंचाळली. लगेच माती लोटून खड्डा बंद केला.

मग केवळराम स्वतःच विक्कीला म्हणाला, "इकडं ये बाबू. मी उभा होतो तिथं एक बकेट मार." पोकलेन घरघरत गेलं. दोन हात खोलपर्यंत पिवळी, कोरडी ठाक माती निघाली, आणि चार-दोन शिंपल्या. केवळराम त्या खड्ड्याच्या काठावर बसून आत बघत राहिला. इथं तो गोल आखणार होता. इथलं हे काही नाही ते राखून, तिकडचं सगळं काही त्यानं ट्रॉलीत भरायला लावलं असतं. त्याला रडू आलं आणि त्यानं ते अडवलं नाही. तीन वर्षांनी छातीवरचा दगड उतरला होता. मोकळा श्वास घेताना त्याचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता.

ज्योत्सना मॅडम पोरांच्या रांगेतून पुढे आल्या. त्यांनी वही उघडली. गावानं सांगितलेली साठ नावं, आणि ती सगळीच्या सगळी पुरुषांनी सांगितलेली. त्यांचा चेहरा उतरला. त्या बायकांच्या घोळक्यात जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "काकू, मी तुम्हाला विचारलंच नाही. चुकलं माझं."

"इचारलं असतं तरी सांगतलंच असतं असं नाही," सत्यभामाबाई म्हणाली. "काम असते न वो घरी." पण मग तिनं पदराला हात पुसले आणि सांगायला बसली. पाळीवरच्या नकाशाचं पिवळं कापड त्या दिवशी काढलंच नाही. टेकचंदनं उद्घाटन आठ दिवस पुढे ढकललं, आणि नकाशात मावणार नाहीत एवढी नावं निघतील असा मॅडमचा अंदाज होता.

चुना मात्र आखायचाच होता. केवळरामनं घमेलं आणून बायकोपुढे धरलं. "तूच टाक."

"नाही," ती म्हणाली. "ते काम तुमच्या घराचं हाये. चुना तुमी टाका. जागा मी दाखवते. पण आधी ते बूट काढा."

"बूट कायले?"

"काढा तं."

त्यानं बूट काढले. बायाबाईनं सगळ्या गावादेखत त्याचं मनगट धरलं, जे तिनं पन्नास वर्षांत कधी केलं नव्हतं, आणि त्याला चार पावलं चालवत नेलं. "इथं ठेवा पाय. पक्का ठेवा."

त्यानं पाय ठेवला. आधी काही कळलं नाही. मग भेगांतून एक गारवा तळव्याला लागला, बारीकसा, आणि हळूहळू घोट्यापर्यंत चढला. केवळराम स्तब्ध उभा राहिला. जन्मभर तो या जागेच्या वरून डोंगा घेऊन गेला होता, तिच्यावर बांबू रोवले होते, तिच्यासाठी लोकांशी भांडला होता. तिच्यावर पाय ठेवून तो कधी उभा राहिला नव्हता.

मागून विक्कीनं हॉर्न वाजवला.

"थांब न गा," केवळराम न वळता म्हणाला. "माणसाले घडीभर उभं तं राहू देशील!"